वाचक विचारतात : एथिक्स कमिटी, मुकादम आणि अंगठा

विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांविषयी मागील अंकात पत्रे मागवली होती. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत एकच विषय वारंवार आला : माणसांच्या मुलाखती घेऊन, त्यांची तपासणी करून किंवा त्यांच्या नोंदी वाचून करावयाच्या अभ्यासाला एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागी माणसांना इजा होऊ नये म्हणून संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीची, मान्यता कशी मिळवावी, आणि ती खरोखर लागते का. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची व त्यांच्या महाविद्यालयांची नावे हेतुपुरस्सर छापलेली नाहीत.

प्रश्न : मी एम.एस.डब्ल्यू. करते. माझा लघुप्रबंध ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या आरोग्यावर आहे. फडावर जाऊन मुलाखती घ्यायच्या आहेत. आमचे गाईड म्हणतात, एथिक्सची भानगड डॉक्टर लोकांची. आपण ना औषध देतो, ना सुई टोचतो. आमच्या कॉलेजात अशी समितीही नाही. मजुरांच्या टोळ्या पुरवणारे मुकादम ओळखीचे आहेत. त्यांची परवानगी घेतली तर भागेल का?
— एक विद्यार्थिनी, केज तालुका

उत्तर : सुई टोचली तरच इजा होते, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे, त्यामुळे आपल्या गाईडना एकट्यांना दोष देता येत नाही. मात्र भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे केवळ औषधांच्या चाचण्यांपुरती नाहीत. आरोग्याशी निगडित सामाजिक व वर्तनविषयक संशोधनासाठी त्यांत स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या प्रश्नावलीत मासिक पाळी, गर्भपात, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हे विषय येणारच, आणि ते आले की प्रश्न विचारणारी व्यक्ती डॉक्टर असो वा समाजकार्याची विद्यार्थिनी, अभ्यास आरोग्य संशोधनात मोडतो. आपण केवळ उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम), टनामागचा दर आणि स्थलांतराचे मार्ग एवढ्यापुरताच अभ्यास केला असता, तर या चौकटीची सक्ती तितकी थेट लागू झाली नसती; तरीही विभागाने अंतर्गत आढावा घ्यावा असेच आम्ही सुचवले असते, कारण उचलीच्या आकड्यावरूनही एखादे कुटुंब अडचणीत येऊ शकते.

कॉलेजात समिती नसणे ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. ज्या संस्थेकडे स्वतःची समिती नाही, ती दुसऱ्या संस्थेशी सामंजस्य करार करून तिच्या समितीकडे प्रस्ताव पाठवू शकते. जवळचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा आपले विद्यापीठ यांच्याकडे विचारणा करावी. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार आरोग्य संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे असावी लागते. ती आहे की नाही, हे अर्ज देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. करार संस्थांमध्ये होतो, विद्यार्थ्याच्या नावाने होत नाही, म्हणून प्राचार्यांची सही लागेल आणि त्यात आठवडे जातील हे गृहीत धरून चालावे.

आता मुकादमाविषयी, कारण आपल्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. फडावर शिरण्यासाठी मुकादमाला सांगावे लागेल, हे व्यवहाराला धरून आहे. परंतु त्याने दिलेली परवानगी ही फडात पाऊल ठेवण्याची परवानगी असते. एकाही बाईची संमती तीत नसते. ज्या जोडप्याने त्याच्याकडून उचल घेतली आहे, ज्याच्या वहीत त्यांचा खाडा मांडला जातो, त्या माणसाने ‘ह्या ताईंना माहिती द्या’ म्हटल्यावर नाही म्हणण्याची सोय त्या बाईपाशी कितपत उरते, याचा विचार प्रस्ताव लिहिण्यापूर्वी करावा. समितीही नेमके हेच विचारील. आमचा सल्ला असा की मुलाखती फडावर घेऊच नयेत. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत परततात. त्यानंतर पावसाळाभर ह्या महिला आपापल्या गावी असतात, मुकादमाची नजर आणि गाडी भरण्याची घाई तेथे नसते. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, शेजारचे सगळे ऐकू जाते, गावातल्या घरात निदान दार लोटून बसता येते. मुलाखतीमुळे रोजंदारी बुडत असेल तर तेवढी भरपाई देणे मार्गदर्शक तत्त्वांत बसते. मात्र ती रक्कम आधी समितीला कळवावी, आणि केवळ पैशासाठी होकार द्यावासा वाटेल इतकी ती मोठी नसावी.

आणखी दोन गोष्टी, ज्या छापील नमुन्यांत सापडत नाहीत. पहिली म्हणजे, आपल्या भागात वही-पेन घेऊन आलेला माणूस योजनेची यादी करायला आलेला आहे, अशी समजूत असते. मुलाखत संपल्यावर ‘मग घरकुल कधी मंजूर होणार?’ असा प्रश्न येतो आणि त्या वेळी समजते की संमती भलत्याच आशेवर दिली गेली होती. म्हणून संमतीपूर्वी वाचून दाखवायच्या माहितीपत्रकातील पहिल्या तीन ओळींतच लिहावे की ही सरकारी योजना नाही, बुडालेल्या रोजाची भरपाई सोडली तर यातून पैसे किंवा लाभ मिळणार नाही, आणि हे एका विद्यार्थिनीचे परीक्षेसाठीचे काम आहे. यामुळे काही जणी उठून जातील, जाऊ द्याव्यात.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तेव्हापासून काही गावांत पत्रकार, संस्था व विद्यार्थी यांची रीघ लागलेली आहे. त्याच त्या महिलांना तेच ते विचारले जाते. आपल्या अभ्यासातून नवे काय कळणार आहे, हे एथिक्स कमिटीपेक्षाही आधी स्वतःला सांगता आले पाहिजे. नाव बदलले की काम झाले असेही मानू नये. ‘अमुक वाडीवरील तीस वर्षांची, तीन मुलींची आई, दोन वर्षांपूर्वी पिशवी काढलेली’ एवढे वर्णन छापले तर त्या वाडीत ती कोण हे सांगायला नावाची गरज पडत नाही. गावाचे नाव गाळून तालुका ठेवावा, वय गटात द्यावे आणि नेमके तपशील प्रबंधात थोडे पुसट करावेत. असे करणार आहोत, हे प्रस्तावातच लिहावे.

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगला आहे. तांड्यावरील वृद्ध महिलांच्या रक्तदाबाविषयी अभ्यास आहे. समितीची मान्यता मिळाली, पण बायका संमतीपत्रावर अंगठा द्यायला तयार नाहीत. बोलायला तयार आहेत, रक्तदाब मोजून घ्यायला तर रांग लावतात. काय करावे?
— हिंगोली जिल्हा

उत्तर : त्या महिलांचा नकार अडाणीपणातून आलेला नाही. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा घेतला गेला आणि पुढे कर्ज निघाले, वाटणीत नाव गेले, अशा हकिकती प्रत्येक तांड्यावर कोणाच्या तरी घरात घडलेल्या असतात. त्यामुळे ‘काही होत नाही, लावा अंगठा’ असा आग्रह धरणे, मग ते कितीही गोड बोलून असो, संमतीच्या कल्पनेलाच धक्का देणारे आहे.

निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत रीत अशी आहे की माहितीपत्रक तिला समजेल अशा भाषेत पूर्ण वाचून दाखवावे, त्या वेळी एक निःपक्ष साक्षर साक्षीदार उपस्थित असावा, व्यक्तीने अंगठा द्यावा आणि साक्षीदाराने सही करावी. साक्षीदार निःपक्ष असावा ही अट बहुतेक ठिकाणी कागदावरच राहते. आपल्या सोबत आलेली वर्गमैत्रीण साक्षीदार होऊ शकत नाही, कारण ती संशोधन चमूतील आहे. आशा ताईंना साक्षीदार करण्याचा मोह होतो, त्या साक्षर असतात आणि ओळखीच्याही असतात. परंतु अभ्यास त्यांच्याच आरोग्य केंद्रामार्फत होत असेल तर त्या निःपक्ष राहत नाहीत. तांड्यावरील एखादी शिकलेली सून, अंगणवाडीत काम न करणारी, आरोग्य खात्याशी संबंध नसलेली, ही अधिक योग्य. मात्र सासूला नाही म्हणायचे असेल तर सुनेसमोर तिला ते म्हणता येईल का, हेही पाहावे. शक्यतो दुसऱ्या घरची साक्षीदार घ्यावी.

तरीही अंगठा नकोच असेल, तर मार्ग आहे. जोखीम किमान असलेल्या अभ्यासात संमती तोंडी घेऊन तिची नोंद ठेवण्यास समिती मान्यता देऊ शकते. त्यासाठी आपण स्वतःहून पद्धत बदलू नये. आतापर्यंत किती जणींनी अंगठ्यास नकार दिला आणि का, हे लिहून दुरुस्तीचा अर्ज समितीकडे द्यावा, तोंडी संमतीसाठी वाचून दाखवायचा मजकूर जोडावा, आणि उत्तर येईपर्यंत त्या महिलांची माहिती गोळा करणे थांबवावे. ज्या महिला केवळ रक्तदाब मोजून घेण्यासाठी आल्या आहेत त्यांचा रक्तदाब जरूर मोजावा, तो जास्त असल्यास चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवावे. फक्त तो आकडा अभ्यासाच्या तक्त्यात जाणार नाही.

गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या वृद्धांना प्रमाण मराठीतील पत्रक वाचून दाखवणे म्हणजे वाचून न दाखवण्यासारखेच आहे. मजकूर आधी तांड्यावरील एखाद्या जाणत्या व्यक्तीकडून बोलीत तयार करून घ्यावा, ध्वनिमुद्रित करावा, आणि दुसऱ्याच कोणाकडून त्याचा अर्थ मराठीत सांगून घ्यावा. नातवंडांना दुभाषी करू नये. आजी आपली सगळी दुखणी नातवासमोर सांगत नाही.

प्रश्न : लातूरमध्ये शिकवणी वर्गांसाठी येऊन राहणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांमधील ताण व नैराश्य हा माझ्या एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधाचा विषय आहे. नैराश्य मोजण्याची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार आहे. क्लासच्या संचालकांनी ‘एका तासात हॉलमध्ये सगळ्यांकडून भरून घेतो’ असे कबूल केले आहे. पालक गावी असतात. त्यांची संमती खरोखर लागेल का?
— लातूर

उत्तर : लागेल. हे विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचे आहेत आणि अठरा पूर्ण होईपर्यंत पालकांची संमती व विद्यार्थ्याचा स्वतःचा होकार, अशा दोन्ही गोष्टी हव्यात. बारा ते अठरा या वयोगटासाठी हा होकार लेखी घ्यावयाचा असतो. पालकांनी हो म्हटले आणि मुलीने नाही म्हटले, तर नाहीच धरायचे. पालक हिंगोलीला किंवा उदगीरच्या पलीकडे असतात हे खरे, परंतु वर्गांच्या पालकसभा होतात, महिन्यातून एकदा तरी कोणी भेटायला येते. संमतीपत्र तेव्हा देता येईल. फोनवरून संमती चालेल का, एखाद्या भागापुरती पालकसंमतीतून सूट मिळेल का, हे समिती तपशील पाहून ठरवील. तो निर्णय आपण किंवा क्लासने घ्यायचा नाही.

संचालकांचा ‘भरून घेतो’ हा शब्दप्रयोग आपण पत्रात जसाच्या तसा दिला हे बरे झाले. ज्या हॉलमध्ये वॉर्डन मागे उभा आहे, शेजारच्या बाकावरचा आपल्या कागदाकडे पाहतो आहे आणि फॉर्म न भरणारा एकटाच उठून जाताना सगळ्यांना दिसतो, तेथे सोळा वर्षांचा मुलगा नाही म्हणू शकत नाही. बाके दूर लावावीत, वर्गाची माणसे हॉलबाहेर ठेवावीत, आणि फॉर्म बंद पेटीत टाकण्याची सोय करावी. ज्याला भरायचा नाही त्यानेही कोराच फॉर्म त्याच पेटीत टाकावा, म्हणजे कोणी नकार दिला हे कोणाला कळणार नाही. कोणत्या मुलांचा ताण जास्त आहे याची यादी संचालक नंतर मागतील, बहुधा चांगल्या हेतूनेच मागतील. ती दिली जाणार नाही, हे त्यांच्याकडून आधी लेखी मान्य करून घ्यावे.

याहून अवघड भाग प्रश्नावलीतच आहे. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का, हे विचारतो. समजा एका विद्यार्थिनीने ‘जवळपास रोज’ यावर खूण केली. फॉर्मवर नाव नसेल तर ती कोण हे आपल्याला कळणार नाही, आणि दोनशे फॉर्मांच्या गठ्ठ्यात ते उत्तर एक आकडा होऊन बसेल. नाव असेल तर ती खरे लिहीलच असे नाही. लिहिले तर ते वाचून गप्प बसण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. समिती यावर आपल्याला अडवणार हे निश्चित, आणि अडवलेच पाहिजे.

आमच्या मते आपल्यापुढे दोन प्रामाणिक पर्याय आहेत. पहिला, फॉर्मवर सांकेतिक क्रमांक द्यावा, क्रमांक आणि नावे जोडणारी यादी मार्गदर्शकांच्या कुलपात ठेवावी, सर्व फॉर्मांतील नववा प्रश्न त्याच दिवशी, इमारत सोडण्यापूर्वी तपासावा, आणि खूण करणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक आधीच ठरवून त्यांचे संमतीचे पत्र प्रस्तावाला जोडावे. अशा वेळी गोपनीयता मर्यादित राहील, हे विद्यार्थ्यांना फॉर्म भरण्यापूर्वी सांगावे लागेल. दुसरा, एवढी व्यवस्था उभी करणे शक्य नसेल तर हा प्रश्न विचारू नये. त्यासाठी प्रश्नावली मोडण्याचीही गरज नाही; नववा प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ ही आवृत्ती संशोधनात मान्यता पावलेली आहे. एम.ए.च्या पहिल्याच प्रबंधासाठी आम्ही हाच पर्याय सुचवू. कोणताही पर्याय निवडला तरी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात पडावी. ती सगळ्यांना द्यावी, निवडक मुलांना दिली तर चिठ्ठी हीच ओळख ठरते.

मुलाखतींचा भागही असेल तर आणखी एक कायदा ध्यानात ठेवावा. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे आपल्याला कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘तुम्ही सांगाल ते कोणालाही कळणार नाही’ असे सरसकट वचन माहितीपत्रकात देऊ नये, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही.

प्रश्न : मी पदव्युत्तर निवासी डॉक्टर आहे. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर होण्यापूर्वीच ओपीडीच्या केसपेपरवरून सहा महिन्यांची माहिती काढून ठेवली. आता एथिक्स कमिटीची मान्यता बाकी आहे. सीनियर म्हणतात, अर्जावर मागची तारीख टाक. असे चालते का?
— मराठवाड्यातील एक निवासी डॉक्टर

उत्तर : चालत नाही. समिती झालेल्या कामाला मागाहून मान्यता देत नाही, आणि तारीख मागे घेणे हा खोटा दस्तऐवज करण्याचा प्रकार आहे. मान्यता नसण्यापेक्षा तो कितीतरी गंभीर आहे. तथापि आपली स्थिती वाटते तेवढी वाईट नसावी. केसपेपर उपचारांच्या ओघात तयार झालेले आहेत, संशोधनासाठी नव्हेत. अशा जुन्या नोंदींवरील अभ्यासाचा प्रस्ताव रीतसर देता येतो, व्यक्तिगत संमतीतून सूट मागता येते आणि असे प्रस्ताव अनेकदा पूर्ण बैठकीची वाट न पाहता शीघ्र पद्धतीने तपासले जातात. प्रस्ताव शीघ्र तपासणीचा की पूर्ण बैठकीचा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र समितीचा. आधीच माहिती काढली आहे ही गोष्ट अर्जासोबतच्या पत्रात स्वच्छ लिहावी, काढलेली एक्सेल फाइल बाजूला ठेवावी, मान्यता मिळाल्यावर नोंदी नव्याने काढाव्यात. केसपेपरचे मोबाइलवर काढलेले फोटो असतील तर ते आजच पुसून टाकावेत.

प्रश्न : समितीने माझा प्रस्ताव चौदा शंका काढून परत पाठवला. त्यातल्या निम्म्या मराठी माहितीपत्रकावर आहेत. एवढा कीस कशासाठी काढतात?
— परभणी

उत्तर : समितीत सात ते पंधरा सदस्य असतात आणि सगळेच डॉक्टर नसतात; विधिज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो, अध्यक्षही संस्थेबाहेरचा असतो. आपली नमुनासंख्या बरोबर आहे का, यावर त्या सामान्य नागरिकाला फारसे म्हणायचे नसते. तो मराठी पत्रक वाचतो, आणि बहुतेक पत्रके इंग्रजीवरून ओढूनताणून केलेली असल्याने त्याला ती कळत नाहीत. ‘सहभागास नकार दिल्यास आपणांस देय असलेल्या उपचारांवर कोणताही विपरीत परिणाम संभवत नाही’ हे वाक्य सेलूच्या आठवडी बाजारात कोणालाही वाचून दाखवावे. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचा इलाज आहे तसाच चालू राहील’ असे लिहिले तर शंका उरत नाही. पत्रक घरातील सातवी-आठवी शिकलेल्या व्यक्तीला वाचायला द्यावे आणि तिला काय कळले ते विचारावे. ती जेथे अडखळली तेथे दुरुस्ती करावी.

उत्तर पाठवताना समितीची प्रत्येक शंका आहे तशी उतरवून तिच्याखाली आपले उत्तर आणि बदल कोणत्या पानावर केला ते लिहावे. एखादी शंका पटत नसेल तर कारण देऊन तसे म्हणावे, समित्या ते ऐकतात. बदललेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी नवा आवृत्ती क्रमांक व तारीख टाकावी, आणि जुन्या पत्रकाच्या झेरॉक्स कपाटातून काढून टाकाव्यात, नाहीतर ऐन कामात चुकीच्या कागदावर सही घेतली जाते. मान्यतेचे पत्र आल्यावर प्रश्नावलीत एक प्रश्न जरी वाढवावासा वाटला तरी तो आधी समितीकडे जातो. काम संपल्यावर अंतिम अहवाल द्यावयाचा असतो, आणि सह्या केलेली संमतीपत्रे निदान तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. विद्यार्थी तोवर गाव सोडून गेलेला असतो, म्हणून ती मार्गदर्शकांच्या ताब्यात देऊन पोच घ्यावी.